'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणे नेमके कोणाचे?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात एका मित्राच्या घरी लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा १९७१ सालचा चौथा अल्बम तबकडीवर ऐकण्याचा योग आला. दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', सुरू झाले आणि पहिल्या काही ठोक्यांतच आमचे बोलणे थांबले. गाणे संपल्यावर तबकडी हातात घेऊन लेबल वाचले, तर बँडच्या चार सदस्यांच्या नावांबरोबर एक पाचवे नाव होते: मेम्फिस मिनी. ही जुन्या काळातली एक ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) गायिका, एवढेच मित्राला ठाऊक होते.

घरी आल्यावर १९२९ सालचे मूळ ध्वनिमुद्रण शोधून ऐकले, तेव्हा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. नाव मिनीचे, पण गातो आहे एक पुरुष. साथीला फक्त दोन गिटार. चाल इतकी हलकी की शब्द कळले नाहीत तर संध्याकाळी अंगणात बसून सहज वाजवलेले गाणे वाटावे. झेपेलिनच्या गाण्यात मात्र एकेक ठोका छातीवर बसतो. काही ओळी सोडल्या तर या दोन गाण्यांत मला समान असे काहीच सापडले नाही.

'लेव्ही' या शब्दाला कोशात बांध, बंधारा असे अर्थ मिळाले. मी पुण्याचा असल्यामुळे बांध फुटला म्हटले की १२ जुलै १९६१ चे पानशेतच डोळ्यांसमोर येते. आईकडून त्या दिवसाच्या हकिगती लहानपणापासून ऐकत आलो आहे. गाण्यातही असेच एखादे धरण फुटले आहे का, आणि ती घटना खरोखर घडलेली आहे का? गाणारा पुरुष कोण, आणि श्रेय मिनीला का? शिवाय ज्यात चाल, लय आणि वाद्ये सगळेच बदलले, त्याला कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्याच गाण्याची आपली आवृत्ती, म्हणावे की नवे गाणे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना अभियंता

नदीकाठ, मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालो आहे आणि गेली चाळीस वर्षे ब्लूज ऐकतो आहे, त्यामुळे 'लेव्ही'पासूनच सुरुवात करतो.

लेव्ही म्हणजे धरण नव्हे. धरण नदीला आडवे असते. लेव्ही हा नदीच्या काठाकाठाने मैलोन् मैल जाणारा मातीचा बांध असतो. भारतात त्याचे जवळचे उदाहरण म्हणजे बिहारमधले कोसी नदीचे तटबंध. दोहोंच्या फुटण्यातही फरक आहे. धरण फुटले की साठलेले पाणी लोंढ्याने येते आणि काही तासांत निघून जाते. लेव्ही फुटला की भरलेली नदीच शेतात वळते आणि पूर ओसरेपर्यंत, कधी कधी महिनोन् महिने, तिथेच राहते. राहायला जागा उरणार नाही, हे गाण्यात पुन्हा पुन्हा येते ते त्यामुळे.

घटना खरी आहे. मिसिसिपी नदीवर त्या काळी अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांचे धोरण 'फक्त लेव्ही' असे होते. नदीला दोन्ही बाजूंनी आवळले की तिचा वेग वाढेल, ती आपला तळ आपणच खरवडून खोल करील आणि पुराचे पाणी पात्रातच मावेल, असा त्यामागचा तर्क होता. म्हणून ज्या नैसर्गिक वाटांनी पूर्वी पुराचे पाणी बाजूला पसरत असे, त्याही बुजवल्या गेल्या. तळ अपेक्षेइतका खोल झाला नाही. पुराची पातळी मात्र चढत गेली आणि तिच्यामागे लेव्हीची उंची वाढवावी लागली. १९२६ च्या ऑगस्टपासून त्या प्रचंड खोऱ्यात पाऊस लागून राहिला आणि २१ एप्रिल १९२७ रोजी मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल शहराच्या वरच्या अंगाला, माउंड्स लँडिंग येथे, लेव्ही फुटला. इतरही अनेक ठिकाणी बांध फुटले. सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याहून मोठा प्रदेश पाण्याखाली गेला, काही ठिकाणी पाणी ३० फुटांपर्यंत चढले आणि सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली.

आता गाण्यातली ती ओळ घ्या, ज्यात गाणारा म्हणतो की मी दिवसरात्र लेव्हीवर राबतो आहे. पहिल्यांदा ऐकताना ती सहज निसटून जाते, पण माझ्या मते सगळे गाणे तिच्यावर उभे आहे. पूर चढू लागला की बांधाच्या पायातून पाणी झिरपते आणि पलीकडच्या कोरड्या बाजूला जमिनीतून वाळूमिश्रित पाण्याची उकळी फुटते. तिच्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून पाण्याचा दाब तोलून धरावा लागतो, नाहीतर आतली माती वाहत जाते आणि बांध बसतो. त्याच वेळी माथ्यावर पोती चढवून उंची वाढवायची असते. अशा बांधावर मीही एका पावसाळ्यात रात्र काढली आहे. पायाखालची जमीन थरथरते तेव्हा धावत सुटावेसे वाटते, आणि नेमके तेव्हाच थांबून पोते उचलायचे असते. १९२७ मध्ये हे काम प्रामुख्याने कृष्णवर्णीय मजुरांकडून करून घेतले गेले, आणि पुष्कळ ठिकाणी बंदुकीच्या धाकाने.

ग्रीनव्हिलला लेव्ही फुटल्यावर हजारो कृष्णवर्णीय माणसे त्याच बांधाच्या अरुंद माथ्यावर अडकून पडली. त्यांना नेण्यासाठी बोटी आल्या होत्या. गोऱ्या स्त्रियांना आणि मुलांना त्यांतून हलवले गेले. पण एकदा गेलेला मजूर कापसाच्या शेतावर परत येणार नाही, या भीतीपोटी मळेवाल्यांनी काळ्या मजुरांना जाऊ दिले नाही. नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या पहाऱ्यात, अंगावर ओळखपट्टी बाळगून, त्यांच्याकडून मदतसामग्रीची हमाली करून घेण्यात आली. रडून उपयोग नाही आणि प्रार्थनाही कामाला येणार नाही, अशी जी ओळ गाण्यात येते, तिच्यामागे एवढे सगळे आहे.

या पुरावर पुष्कळ गाणी झाली. चार्ली पॅटनचे दोन भागांतले 'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' त्यांत मला सर्वांत थोर वाटते. गावांची नावे घेत घेत तो पाण्याच्या पुढे पळतो आहे असे ऐकताना जाणवते. बेसी स्मिथचे 'बॅकवॉटर ब्लूज' याच पुराचे गाणे म्हणून अनेकदा सांगितले जाते, पण ते फेब्रुवारी १९२७ मध्ये, म्हणजे हा लेव्ही फुटण्याच्या दोन महिने आधी, ध्वनिमुद्रित झाले होते. लोकांनी ते आपल्या दुःखासाठी उचलून घेतले, हे मात्र खरे.

तुमच्या गाण्यातला पुरुष आहे जो मकॉय, तबकडीवरचे नाव 'कॅन्सस जो'. तो मिनीचा नवरा. १८ जून १९२९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीसाठी या जोडप्याने हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गातो तो, मिनी यात एक शब्दही गात नाही. पण जी गिटार सतत वरच्या तारांवर खेळत असते, ती मिनीची. जो खाली ठेका धरून असतो आणि ती प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याला उत्तर देते. चाल तुम्हाला हलकी वाटली, ती तिच्या बोटांमुळे.

खर्ज

अभियंता काकांनी पाण्याची बाजू इतकी नीट सांगितल्यावर मी आवाजाची बाजू सांगतो. मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या कामात असल्यामुळे या एका गाण्याच्या ड्रम्सवर आम्ही मंडळी वर्षानुवर्षे बोलत आलो आहोत.

हा अल्बम मुख्यत्वे इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात, हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या दगडी इमारतीत झाला. स्टुडिओ नव्हता, दाराशी आणून उभी केलेली फिरती ध्वनिमुद्रण गाडी होती. बँडचा ड्रमवादक जॉन बॉनम याचे ड्रम्स खालच्या दिवाणखान्यात, उंच जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी नेहमीप्रमाणे प्रत्येक ढोलाजवळ मायक्रोफोन न लावता बायरडायनॅमिक कंपनीचे दोनच एम १६० मायक्रोफोन वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडले. त्यामुळे आपल्याला ढोल ऐकू येतो तो जिन्यातून वर चढत, भिंतींना आपटत आलेला. त्यात बिन्सन एकोरेक या यंत्राचा प्रतिध्वनी मिसळला आहे, म्हणून प्रत्येक ठोक्याच्या मागे त्याचीच सावली पाऊल टाकल्यासारखी येते. शिवाय वाजवलेले मुद्रण टेपचा वेग कमी करून खाली उतरवले आहे; त्यामुळे लय तर विलंबित झालीच, पण सगळ्याच वाद्यांचा सूर खाली बसून आवाजाला एक जाड, चिखलासारखे वजन आले. माउथ ऑर्गनवर उलटा प्रतिध्वनी आहे: मूळ सुरानंतर येण्याऐवजी तो सुराच्या आधी येतो. हेडफोन लावून एकदा तेवढेच ऐका. काहीतरी दुरून चालून येते आहे आणि मग प्रत्यक्ष पोहोचते आहे, असा भास होतो.

शेवटच्या मिनिटाकडेही लक्ष द्या. सगळी वाद्ये एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे भोवऱ्यासारखी फिरू लागतात आणि गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज तेवढा मधोमध जागचा हलत नाही. संगणक नसलेल्या काळात हे मिश्रण हाताने करावे लागले. या अल्बमची गाणी लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत मिश्रित केली होती, पण ती पसंत न पडल्याने बाकीची सगळी पुन्हा करावी लागली. तिथले टिकले ते एवढे एकच. मैफलीत बँडने हे गाणे फार क्वचित वाजवले.

आता तुमचा मूळ प्रश्न. १९२९ चे गाणे बारा बारच्या (तालाच्या बारा गटांच्या) आवर्तनात आहे: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिचे उत्तर. झेपेलिनने ते आवर्तन जवळजवळ सोडून दिले आणि गाणे बहुतांशी एकाच स्वराला धरून ठेवले. तीन मिनिटांच्या गाण्याची सात मिनिटे केली. प्लांटकडे मूळ तबकडी होती आणि शब्दांचा गाभा त्याने तिच्यावरूनच घेतला, पण त्यात भर घातली: दक्षिणेत काम नाही आणि वाट उत्तरेला शिकागोकडे जाते, हा भाग मकॉयच्या गाण्यात नाही. तरीही मी याला कव्हरच म्हणेन. आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत इतक्या वेगळ्या अंगाने गायली जाते की नवख्या कानाला ती ओळखू येत नाही, पण म्हणून ती बंदिश दुसरी होत नाही.

याच ड्रम्सचा एक तुकडा उचलून बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या रॅप मंडळींनी १९८६ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमचे पहिले गाणे उभारले. त्यात ना पूर आहे ना लेव्ही; आहे तो फक्त जिन्यातला ढोल.

माळरान

खर्ज यांच्या सगळ्या तपशिलांशी सहमत असूनही एक मत नोंदवतो. झेपेलिनचे गाणे ऐकताना मी पाण्याकडे बघत असतो. मकॉयचे ऐकताना त्या बांधावर बसलेल्या माणसाकडे. रात्रभर लेव्हीवर बसून घरच्या माणसांच्या आठवणीने तो कण्हतो, आणि ते सांगताना त्याचा आवाज जराही चढत नाही. ज्याला उद्या पुन्हा पोती उचलायची आहेत, तो असाच गाईल. झेपेलिनच्या भव्यतेत हा थकलेला सपाटपणा हरवला, आणि माझ्यासाठी ती फार मोठी हानी आहे. नव्याने ऐकणाऱ्यांनी आधी १९२९ चे ऐकावे, तेही सलग तीन वेळा, असे मी आग्रहाने सुचवीन.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माळरान, आपल्या सूचनेनुसार काल रात्री तीन वेळा ऐकले आणि तिसऱ्या वेळी मिनीची गिटार वेगळी ऐकू आली. तो तेच तेच दुःख सांगतो आहे आणि ती त्याला चालते ठेवते आहे, असे वाटले.

एक शंका उरतेच. गातो जो मकॉय, मग झेपेलिनच्या तबकडीवर त्याचे नाव का नाही?

तिसरी तार

मी गेली अकरा वर्षे अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये राहते, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

जो मकॉयचे नाव यायलाच हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. १९२९ च्या तबकडीवर कलाकार म्हणून दोघांचीही नावे होती. तो १९५० मध्ये गेला, तर मिनीचे नाव ब्लूजच्या जगात तोवर फार मोठे झाले होते. श्रेय देताना एकच नाव आठवले गेले. तरीही त्या काळाचा विचार करता एवढेही थोडे नव्हते. याच बँडच्या १९६९ सालच्या 'होल लॉटा लव्ह' या गाण्यावर विली डिक्सन या ब्लूज गीतकाराचे नाव नव्हते. त्याने १९८५ मध्ये दावा लावला, पुढे तडजोड झाली आणि मग त्याचे नाव आले. बॉब डिलनने २००६ मध्ये 'द लेव्हीज गॉना ब्रेक' हे गाणे केले. त्यात मकॉयच्या गाण्याची पहिली ओळ जशीच्या तशी ऐकू येते, पण श्रेयात डिलन एकटाच आहे. तो अल्बम अमेरिकेत २९ ऑगस्ट २००६ रोजी प्रकाशित झाला. बरोबर एक वर्षापूर्वी त्याच तारखेला कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे लेव्ही फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला होता. त्या दिवसांत इथल्या लोकांच्या तोंडी हे गाणे पुन्हा आले, ते कोणत्या आवृत्तीतले, हा प्रश्न कोणाला पडला नसावा.

एक मात्र लक्षात घ्यायला हवे. ब्लूजमध्ये पुष्कळशा ओळी कोणा एकाच्या नसतात. जात्यावरच्या ओव्यांमध्ये जशी एकच ओळ सातारा आणि बीड अशा दूरच्या गावांतल्या बायकांच्या तोंडी सापडते आणि प्रत्येकजण तिला आपली दुसरी ओळ जोडते, तसेच हे आहे. 'जाते मी शिकागोला' अशा अर्थाच्या ओळी कितीतरी गाण्यांत फिरत होत्या, आणि प्लांटने त्यांतलीच एक उचलली. योगायोग असा की तिच्यातून मिनीचेच आयुष्य सांगितले गेले. ती आणि जो मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर एका न्हाव्याच्या दुकानासमोर नाण्यांसाठी गात असताना कोलंबियाच्या माणसाला सापडले, आणि १९३० च्या सुमारास दोघे शिकागोला गेले. १९३४ मध्ये ते विभक्त झाले. मिनी तिथे पुरुष वादकांच्या बरोबरीने वाजवत राहिली आणि ब्लूजमध्ये विजेची गिटार हाती घेणाऱ्या पहिल्या काही जणांत तिची गणना होते. १९४२ च्या शेवटच्या रात्री लँग्स्टन ह्यूज या कवीने तिला शिकागोच्या एका क्लबमध्ये ऐकले आणि नंतर वर्तमानपत्रात लिहिले. ती बारमागच्या मोठ्या बर्फपेटीवर बसून वाजवत होती, असे वर्णन त्यात आहे.

उतारवयात ती मेम्फिसला परतली. १९६० मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला आणि पुढची वर्षे आजारपणात, शेवटची तर शुश्रूषागृहात गेली. झेपेलिनचा अल्बम नोव्हेंबर १९७१ मध्ये बाहेर पडला तेव्हा ती हयात होती. ६ ऑगस्ट १९७३ रोजी ती गेली. तिच्या थडग्यावर दगड नव्हता. तो १९९६ मध्ये बसवला गेला आणि त्याचा खर्च गायिका बॉनी रेट यांनी दिला.

ते ठिकाण माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. मेम्फिसच्या दक्षिणेला, राज्याची सीमा ओलांडली की वॉल्स नावाचे छोटे गाव लागते, आणि तिथल्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चच्या दफनभूमीत ती आहे. मी गेल्या मार्चमध्ये गेले होते. दगडावर तिचे खरे नाव, लिझी 'किड' डग्लस लॉलर्स, कोरलेले आहे आणि त्यावर अंडाकृती चौकटीत तिचे छायाचित्र. कोणीतरी गिटारच्या तीन-चार नख्या आणि काही नाणी ठेवून गेले होते. नाण्यांवर पावसाचे पाणी साचले होते. आजूबाजूला सपाट शेते, इतकी सपाट की नजर अडत नाही, आणि पश्चिमेला नदी.

तिच्या वहिनीने पुढे एका मुलाखतीत सांगितले होते की १९२७ मध्ये लेव्ही फुटला तेव्हा मिनी त्यांच्या घरी राहत होती. ते घर याच वॉल्स गावाजवळ होते.